काढलेल्या मिठाची चव

१

माझा धाकटा भाऊ एइझो दुपारच्या जेवणावरून उठला आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच खाली बसला. पायांत बळ नाही, एवढेच तो बोलला. यामागाताच्या रुग्णालयात त्याला नेले, तेव्हा त्याचे हृदय इतक्या संथपणे चालले होते की यंत्राच्या पडद्यावरील रेघ पुन्हा उसळेल की नाही, या विचाराने परिचारिकेचा श्वास रोखला गेला होता. मी शेजारी उभी राहून त्या रेघेकडे पाहत होते. हयातभर हुकूम सोडण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या बाईने त्या दिवशी एका हिरव्या रेघेची मनोमन विनवणी केली.

संकट टळल्यावर डॉक्टर हिरुमा बाहेर आल्या. वयाने तरुण, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे.

"आजी, तुम्ही यांच्या कोण?"

"थोरली बहीण. आणि तुमची आजी नव्हे. माझं नाव तोमिए."

त्यांनी मान लववून चूक मान्य केली. मला त्या आवडल्या.

"तोमिएबाई, यांची मूत्रपिंडं फार थोडं काम करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पोटॅशियम बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. ते रक्तात साचलं की हृदय मंदावतं, आणि मग थांबतं. म्हणून फळं बंद केली होती, भाज्या उकळून पाणी ओतून द्यायला सांगितलं होतं. उन्हाळ्यातल्या तपासणीत सगळं आटोक्यात होतं."

"आणि आता?"

"आता घरात कुणीतरी त्यांना नको ते खायला घालतंय. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. एका जेवणाने रक्त इतकं बिघडत नाही."

"मुद्दाम?"

"ते रक्तातून कळत नाही."

माझ्या पाठीमागून आवाज आला, "मला कळतं."

एइझोची मुलगी रित्सुको, सेंदाईहून आलेली, ओल्या कोटासकट तिथे उभी होती.

२

रित्सुकोचे सेंदाईमध्ये कपड्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक दारातून आत येताच त्याचे माप तिला कळते, असा तिचा लौकिक. त्या दिवशी तिने आपल्या भावजयीचे, मियोकोचे, माप घेतले.

"आत्या, बाबांच्या ताटात तिन्ही वेळा कोण वाढतं? ती. बाजार कोण करतं? ती. दादा ओसाकाला नोकरीवर, घरात तिसरं माणूस नाही. मी मागच्या खेपेला गेले तर बाई बाटल्या धूत बसलेल्या. आतून, बाहेरून. वरचा कागदसुद्धा सोलून काढलेला. कसला मागमूस पुसत होती?"

"आपल्याकडे सगळेच बाटल्या धुतात, बाळ."

"इतक्या मन लावून नाही धूत."

"तिला यातून काय मिळणार?"

"सुटका. आजारी सासऱ्याचं करून कंटाळली असेल. मी दादाला फोन केलाय. बाबा घरी यायच्या आत तिला माहेरी पाठव म्हटलं."

"तो काय म्हणाला?"

रित्सुकोने ओठ मुडपले. "म्हणाला, आत्या सांगेल तसं."

म्हणजे निवाडा माझ्याकडे आला होता. येणे साहजिकच होते. माहेरच्या ओदाजिमा घराण्यात माझ्याहून वडील असे आता कोणी उरलेले नाही, आणि सासरचा साकेचा, म्हणजे तांदळाच्या मद्याचा, कारखाना मी पतीच्या पश्चात एकटीने चालवला आहे. माणसे घरी पाठवणे मला नवे नव्हते. परंतु येथे चूक झाली असती तर ती दुहेरी ठरली असती. निर्दोष सून कलंक घेऊन गेली असती, आणि खरा हात त्याच घरात राहून माझ्या भावाला वाढत राहिला असता. दुसऱ्या खेपेस ती रेघ उसळलीच नसती.

"एइझो घरी येईपर्यंत तू तोंड मिटून राहायचंस," मी रित्सुकोला सांगितले. "आणि मियोकोशी मी बोलेन."

३

मियोकोने मला चहा दिला आणि समोर गुडघे मोडून ताठ बसली. ती मूळची समुद्राकडची. तिकडच्या बायका कमी बोलतात. जे बोलतात ते काम करता करता. तिला नुसते बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

"फळं?"

"उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत, आत्याबाई."

"भाज्या?"

"बारीक चिरून, भिजवून, उकळून. पाणी मोरीत. बटाट्याचं तर दोनदा."

"मीठ?"

इथे तिच्या स्वरात किंचित अभिमान आला. "सगळं कमी मिठाचं. सोया सॉस, मीठ, सगळं. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या भागातल्या माणसाची जीभ कशी असते. मामंजी आधी लोणच्यावरसुद्धा सोया सॉस घ्यायचे. उन्हाळ्यात मी एकदम आळणी केलं तेव्हा त्यांनी वाडगा भिंतीकडे सारून ठेवला होता. आता निमूट जेवतात."

"बाटल्या का धुतेस?"

तिला प्रश्नच समजला नाही. "कचऱ्याचा नियम, आत्याबाई. कागद निराळा, झाकण निराळं, बाटली निराळी. कागद राहिला तर शेजारच्या काकू बाटली परत आणून दारात ठेवतात, अगदी गोड हसून. आणि मामंजींना ताटाशेजारी छापील बाटली चालत नाही. दवाखान्यात जेवल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणून आलं की लगेच बरणीत ओतते."

फडताळावर चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. स्वच्छ, निळसर, मुक्या. त्यांत काय आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक असायचे.

मी खिडकीबाहेर पाहिले. छपराच्या वळचणीला पर्सिमनची फळे सोलून दोऱ्यांवर वाळत घातली होती, गावात प्रत्येक घरी असतात तशी. एका दोरीवर मात्र ठिकठिकाणी नुसत्या गाठी लोंबत होत्या.

वाळलेल्या पर्सिमनमध्ये पोटॅशियम ठासून भरलेले असते, हे डॉक्टरांच्या यादीत सर्वांत वर होते.

"ती कुणी खाल्ली?"

मियोकोची मान खाली गेली. ती उत्तर जाणत होती, आणि देणार नव्हती.

४

एइझोकडे रोज दुपारी येणारा माणूस एकच. गिइची न्हावी. दोघे लहानपणापासूनचे मित्र. 'गो'चा पट मांडून बसतात आणि सोंगट्यांपेक्षा गप्पाच जास्त हलवतात. मी त्याच्या दुकानात शिरले तेव्हा तो रिकाम्या खुर्चीत बसून स्वतःच्याच मिशा कातरत होता.

"तोमिएताई. केस कापायचे?"

"कान कापायचे आहेत. तुझे. दोरीवरची फळं कुणी खाल्ली?"

"कसली फळं?"

"गिइची, तुला लहानपणी पोहायला मी शिकवलंय. खोटं बोलताना तुझं नाक अजून तसंच हलतं."

त्याने कात्री खाली ठेवली. "मी खाल्ली. बायकोने माझ्या साखरेच्या आजारापायी घरातली सगळी फळं माहेरी पाठवली. माणसाने करायचं काय?"

"एइझोला दिलीस?"

"त्याला?" गिइची एकदम गंभीर झाला. "ताई, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवापुढचा नैवेद्य उचलतोय. एकही तोंडाला लावलं नाही त्याने. वर म्हणतो, चावताना आवाज करू नको, सुनेला ऐकू जाईल. पण तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बशीत एक वेगळं फळ कापून यायला लागलं, कमी गोडाचं. बोलली काही नाही."

तर मियोकोचे मौन या म्हाताऱ्यासाठी होते. त्याच्या बायकोच्या कानी जाऊ नये म्हणून. माझ्या मनातील एक मोठी शंका गळून पडली, आणि त्याचबरोबर हातातील एकमेव धागाही तुटला.

मी निघाले, तेव्हा गिइची बोलत राहिला. न्हाव्याला बोलणे थांबवता येत नाही.

"त्याचं पथ्य कडक हो. उन्हाळ्यात म्हणायचा, गवत खातोय. मग थंडी लागता लागता जेवणावर खूश दिसायला लागला. भातावर काळंशार ओतायचा, टोफूवर ओतायचा. मी म्हटलं, अरे मीठ. तर म्हणे, हे निम्म्या मिठाचं आहे, दुप्पट घेतलं तरी हिशेब तोच."

मी दारात थांबले.

"पुन्हा सांग."

"दुप्पट घेतलं तरी—"

"ते नव्हे. थंडी लागता लागता, म्हणालास?"

५

उन्हाळ्यात जेवण आळणी होते आणि रक्त ठीक होते. थंडीच्या तोंडाशी जेवण रुचकर झाले आणि रक्त बिघडले. मधल्या काळात त्या स्वयंपाकघरात काहीतरी आले होते.

मी परत गेले आणि मियोकोला म्हटले, "मामंजींना जे वाढत होतीस, तेच मला वाढ. एकही गोष्ट बदलू नकोस."

तिने वाढले. उकडलेला मुळा, टोफू, थोडा मासा, भात. बरण्या माझ्यासमोर ठेवल्या. एइझोसारखेच मी टोफूवर भरपूर सोया सॉस ओतला, मुळ्यावर मीठ भुरभुरले, आणि घास घेतला.

चव सुरेख होती. अगदी भरलेली, खारट, लहानपणीच्या जेवणासारखी.

माझ्या सासऱ्यांनी मला साके चाखायला शिकवली, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: घोट गेल्यावर जीभ काय म्हणते ते ऐक. मी ऐकले. खारटपणा ओसरला आणि जिभेच्या मागच्या कडेला एक पुसट कडवटपणा उरला, लोखंडी नळाच्या पाण्यासारखा. मिठाला अशी शेपटी नसते.

मी चमचा खाली ठेवला. आयुष्यात फार थोड्या वेळा माझ्या अंगावर असा काटा आला आहे.

"मियोको, यातलं मीठ निम्मं काढून टाकलं आहे ना?"

"हो."

"मग हे इतकं खारट का लागतं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. फडताळावरच्या निळसर बरण्यांकडे मीही पाहत राहिले. एवढा साधा प्रश्न. गावातील प्रत्येक घरात हे पदार्थ आले होते, प्रत्येक जण म्हणत होता, मीठ कमी आहे आणि चव तीच आहे, आणि ते म्हणताना कोणाच्याही मनात आले नव्हते की जे काढून घेतले त्याची चव मागे राहते कशी. काढलेल्या मिठाच्या जागी कोणीतरी दुसरे येऊन बसले होते. मिठासारखेच पांढरे, मिठासारखेच खारे, मिठाचे सोंग घेऊन.

"याची बाटली कुठाय?"

"धुऊन दिली, आत्याबाई. मिठाची पिशवीसुद्धा. कालच कचऱ्याची गाडी येऊन गेली."

"दुकानातून कोण आणतं हे?"

ती गप्प. पर्सिमनच्या वेळी होती तशीच गप्प. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. माझ्या मनात जे जुळले, ते आता तिच्याही मनात जुळले होते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वन्संना सांगू नका."

"रित्सुकोला? का?"

"या मिठाची, सॉसची पेटी त्या पाठवतात. दर महिन्याला. पहिली पाठवली तेव्हा फोनवर रडल्या होत्या. इतक्या लांबून बाबांसाठी एवढंच करता येतं, म्हणाल्या. हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा या घराची पायरी चढायच्या नाहीत."

"आणि तू माहेरी जाशील? दोष घेऊन?"

"माझी आई आहे अजून," मियोको म्हणाली. "वन्संना बाबाच आहेत."

 

६

मी मियोकोचे ऐकले नाही. एइझोच्या जिवाशी गाठ होती. आणि खरे सांगायचे तर मी कोणाचेच फारसे ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी रित्सुकोला घेऊन मी स्टेशनजवळच्या मोठ्या बाजारात गेले.

"बाबांसाठी जे घेतेस ते माझ्यादेखत घे."

"आत्या, आता हे काय मध्येच?"

"घे म्हटलं ना."

ती चालू लागली. मी तिच्या हाताकडे लक्ष ठेवले होते. मांडणीवर कितीतरी तऱ्हेच्या बाटल्या आणि पिशव्या होत्या. तिचा हात त्यांवरून न अडखळता सरकत गेला आणि हिरव्या कागदाच्या एका पिशवीवर थांबला. समोर मोठी अक्षरे: मीठ निम्मे, चव तीच. खाली एक लाल हृदय काढलेले. मग तसलीच बाटली. तिने दोन्ही टोपलीत टाकले. दुकानात येणाऱ्याचे माप नजरेने घेणारी ही बाई. तिने क्षणभरही माप घेतले नव्हते.

तिच्या मागून एक वृद्ध गृहस्थ आला. हिरवी पिशवी. मग मुलाला पाठुंगळीस घेतलेली एक तरुण आई. हिरवी पिशवी. कोणी उलटून पाहिले नाही. मी बाजूला उभी राहून पाहत होते आणि माझे भान हरपत चालले होते. कारखान्यात शेकडो माणसांकडून मी काम करून घेतले आहे. मला आवाज चढवावा लागे, कधी डोळे वटारावे लागत. इथे कोणी काहीही बोलत नव्हते. कागदावरची चार अक्षरे, एक चित्र, आणि अनोळखी माणसांचे हात ओळीने पुढे येत होते, पाण्याने वळावे तसे. प्रत्येक हातामागे घरी कोणीतरी वाट पाहणारे होते. प्रत्येकाच्या मनात मायाच होती.

"आता उलटं कर," मी म्हटले.

"काय?"

"पिशवी. मागची बाजू वाच. मोठ्याने."

तिने चष्मा काढला, पिशवी डोळ्यांजवळ धरली. "साहित्य. मीठ, पोटॅशियम क्लोरा..." ती अडखळली. तिचा अंगठा खाली सरकला. तिथे आणखी बारीक एक ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली नाही. तिचे ओठ फक्त हलले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

ती तिथेच, मांडणीच्या पायथ्याशी खाली बसली. दुकानातील मुलगी धावत आली, बरे वाटत नाही का, म्हणून विचारू लागली. मी तिला हातानेच परत पाठवले.

"पुढे हृदय काढलंय, आत्या," रित्सुको म्हणाली. "मी म्हटलं, बाबांच्या हृदयाला चांगलं असेल."

"ज्याची मूत्रपिंडं धड आहेत, त्याला असेलही."

"म्हणजे पुढचं खोटं नाही?"

"एक अक्षरही नाही."

तिला कोणावर तरी रागवायचे होते, आणि रागवायला समोर कोणीच नव्हते. थोड्या वेळाने तिने विचारले, "तिला कळलंय?"

"कालच. तुला सांगू नका म्हणाली. तुझा दोष स्वतःवर घेऊन माहेरी जायला निघाली होती."

रित्सुकोने पिशवी दोन्ही हातांनी उराशी घट्ट धरली आणि मान त्यावर टेकवली.

७

डॉक्टर हिरुमांनी पिशवीची मागची बाजू वाचली आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"हेच. मिठाचं सख्खं भावंड म्हणा. जिभेला फरक फारसा कळत नाही, पण याचं काम निराळं. आणि दुप्पट घेत होते, म्हणता?" त्यांनी कपाळ चोळले. "फळं बंद करा, हे मी सांगितलं. भाज्या उकळा, हेही सांगितलं. मीठ कमी करा, हेसुद्धा मीच सांगितलं. कशाने कमी करायचं, ते नाही सांगितलं."

"आता प्रत्येकाला सांगाल?"

"आज दुपारपासून."

हे ऐकून मी त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याहून इतक्या लहान माणसापुढे मी सहसा वाकत नाही.

ओसाकाला फोन केला तो मीच. भाच्याला सांगितले, तुझी बायको कुठेही जाणार नाही, आणि तू मात्र एकदा इकडे ये. गिइचीने त्याच दिवशी आपल्या फडताळातील हिरवी पिशवी आणून माझ्या हातात दिली. एइझोचे पाहून त्यानेही आणली होती. त्याच्या मूत्रपिंडांना काही झालेले नव्हते, पण तो म्हणाला की, ती घरात असताना त्याला झोप लागत नव्हती.

एइझो घरी आला त्या संध्याकाळी आम्ही सारे त्याच्याकडे जेवायला बसलो. बरण्या रिकाम्या करून धुतल्या होत्या. मियोकोने व्हिनेगर, आले आणि भाजलेले तीळ यांवर जेवण उभे केले होते. वाफाळता भात समोर आला, आणि ती वाढण्यासाठी चमचा शोधू लागली.

रित्सुको उठली. तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक लाकडी भातवाढी काढली. माझ्या दिवंगत भावजयीची. आमच्या भागात घराची सत्ता किल्ल्यांत नसते. सासू ज्या दिवशी सुनेच्या हाती भातवाढी देते, त्या दिवसापासून ते घर सुनेचे होते. सासू गेली तेव्हा द्यायची राहिली, आणि आईची आठवण म्हणून लेकीने ती सेंदाईला नेली होती. त्यावर कोणी कधी काही बोलले नव्हते.

रित्सुकोने ती दोन्ही हातांनी मियोकोपुढे धरली.

"वहिनी," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. पुढे तिला काही बोलता येईना.

मियोकोने भातवाढी घेतली, पाण्यात बुडवली, भात हलक्या हाताने मोकळा केला. "वन्सं, बसा. तुम्हाला उभं ठेवून मी वाढणार नाही."

एइझोने पहिला घास घेतला, चावला, बराच वेळ चावला.

"फिक्कं आहे."

"हो, मामंजी," मियोको म्हणाली. "फिक्कंच आहे. उद्याही फिक्कंच असणार."

माझा भाऊ माझ्यासारखाच हट्टी आहे. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. तो वाडगा भिंतीकडे सारेल असे मला वाटले. त्याने सुनेकडे पाहिले, मग मुलीकडे. मान खाली घालून तो सावकाश जेवला. वाडग्यातले शेवटचे शीत संपले, तेव्हा त्याने तो वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि आणखी भातासाठी मियोकोपुढे धरला.